आभार हवेसे वाटणं म्हणजे ईमान कमी पडणं का?

‘अस्सलामु अलैकुम. मी घरातली मोठी सून. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून त्यांना उठवणं-बसवणं, अंघोळ, औषधं, रात्री कूस बदलणं, सगळं माझ्याकडे आहे. धाकटे दीर परदेशात असतात, दर महिन्याला पैसे पाठवतात. गेल्या महिन्यात ते आले तेव्हा नातेवाईक जमले होते. सासऱ्यांनी सगळ्यांसमोर त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “या पोरानं मला जगवलं.” मी दारात औषधाची वाटी घेऊन उभी होते. कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या रात्री सजद्यात, कपाळ जमिनीला टेकून, खूप रडले आणि मग स्वतःचाच राग आला. अल्लाहसाठी करतेस ना, मग कौतुक कशाला हवं? हा रिया, म्हणजे लोकांनी पाहावं म्हणून केलेली भक्ती, तर नाही? पतीजवळ बोलले, तर ते म्हणाले, “अल्लाह बघतोय ना, मग झालं.” या वाक्यानं मला धीर यायला हवा होता. पण माझं तोंड बंद केल्यासारखं वाटलं. माझं ईमान, माझी श्रद्धा, कमी पडतेय का?’

वालैकुम अस्सलाम, ताई.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दारातल्या त्या प्रसंगानं तुम्ही दुखावलात, हे तर दिसतंच. पण मला वाटतं खरी कळ शेवटच्या चार ओळींत आहे. सासऱ्यांना तुम्ही दिसला नाहीत, हे लागलं. ज्या पतीला दोन वर्षं रोज दिसत होतात, त्यांनी अल्लाहचं नाव घेऊन विषय मिटवला, हे जास्त लागलं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

‘अल्लाह बघतोय’ हे वाक्य सोळा आणे खरं आहे. पण ते कोण कुणाला म्हणतं, यावर बरंच अवलंबून असतं. रात्री अडीच वाजता सासऱ्यांची कूस बदलताना तुम्ही ते स्वतःशी म्हणालात, तर तो आधार. शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसानं सकाळी उठून तेच तुम्हाला ऐकवलं, तर ती पळवाट. शब्द तेच, पण पहिल्यात ओझं हलकं होतं आणि दुसऱ्यात बोलणाऱ्याचे हात मोकळे होतात.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. मदीनेतल्या मस्जिदीत झाडलोट करणाऱ्या एका काळ्या स्त्रीची हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, तुम्ही ऐकली असेल. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम, हदीसांच्या या दोन्ही संग्रहांत आहे. ती दिसेना, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तिची चौकशी केली. लोक म्हणाले, ती वारली. तिला दफनही करून झालं होतं आणि कुणालाही ते पैगंबरांच्या कानावर घालण्याइतकं मोठं वाटलं नव्हतं. एक झाडूवाली, तिचं काय एवढं! पैगंबर म्हणाले, ‘मला का कळवलं नाहीत? तिची कबर दाखवा.’ आणि तिथं जाऊन त्यांनी तिच्यासाठी नमाज पढली.

आता बघा, तिची सेवा अल्लाहला माहीत होती यावर त्यांच्याइतका विश्वास दुसऱ्या कुणाचा असणार? तरी ‘अल्लाहला ठाऊक आहे, तेवढं पुरे’ असं ते म्हणाले नाहीत. ज्यांनी तिला क्षुल्लक मानलं त्यांना जाब विचारला आणि स्वतः उठून गेले. अल्लाह बघतोय म्हणून माणसांना डोळे मिटून बसायची सूट मिळत नाही. ‘जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही मानत नाही,’ ही अबू दाऊद आणि तिर्मिजीच्या संग्रहांतली हदीस आपल्याकडे, का कोण जाणे, घरात फारशी सांगितली जात नाही. सुनेला सब्राच्या, म्हणजे सोसण्याच्या, हदीसा मात्र तोंडपाठ करवल्या जातात.

दुसरी गोष्ट हजरत खौला बिन्त सअलबा यांची. त्यांच्या पतीनं रागाच्या भरात ‘तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी’ असं म्हटलं. इस्लामपूर्व काळापासून चालत आलेली ही ‘जिहार’ची रीत होती: बाई धड बायको राहत नसे, धड मोकळीही होत नसे. खौला पैगंबरांकडे आल्या आणि त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. माझं तारुण्य यांनी खाल्लं, यांची मुलं मी पोटात वाढवली, आता वय झालं तर हे! ताई, ‘माझ्या कष्टांची किंमत ठेवली नाही’ हे याहून वेगळ्या शब्दांत कसं सांगणार? पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा (र.) त्याच खोलीच्या कोपऱ्यात होत्या आणि पुढे त्या सांगत की, खौलांचं काही बोलणं मलाही ऐकू येत नव्हतं. पण सात आसमानांपलीकडे ते ऐकलं गेलं. सूरह अल-मुजादिलाची (५८) पहिली आयतच अशी आहे की, आपल्या पतीविषयी तुमच्याशी वाद घालणाऱ्या आणि अल्लाहकडे गाऱ्हाणं करणाऱ्या स्त्रीचं बोलणं अल्लाहनं ऐकलं.

आणि ऐकून काय झालं? ‘सब्र कर’ एवढंच सांगून तिला परत पाठवलं का? नाही. पुढच्याच आयतींत त्या रिवाजाला खोटं बोलणं म्हटलं गेलं आणि भरपाई बोलणाऱ्यावर टाकली: एक गुलाम मुक्त करा, ते शक्य नसेल तर दोन महिने सलग रोजे ठेवा, तेही झेपत नसेल तर साठ गरिबांना जेवू घाला. म्हणजे अल्लाहनं ऐकलं आणि नवऱ्यावर जबाबदारी आली. तुमच्या घरात ‘अल्लाह बघतोय’चा अर्थ अगदी उलटा लावला गेलाय.

आता रियाविषयी. बयानांत ऐकलेली ती हदीस तुमच्या मनात घर करून बसली असणार: कयामतच्या दिवशी ज्यांचा निवाडा सर्वांत आधी होईल ते तिघे, म्हणजे शूर म्हणवून घेण्यासाठी लढलेला, आलिम (विद्वान) म्हणवून घेण्यासाठी शिकलेला आणि दानशूर म्हणवून घेण्यासाठी देणारा. हदीस सहीह आहे आणि अंगावर काटा आणणारीही आहे. पण त्या तिघांनी जे केलं ते लोकांच्या तोंडून तेवढं ऐकण्यासाठीच केलं होतं. तुमचं तसं आहे का? दोन वर्षं रात्रीच्या अंधारात कूस बदलताना तुम्हाला कोण पाहत होतं? कौतुक करणारं कुणी नव्हतं तेव्हाही काम चालूच होतं आणि परवाच्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी सकाळीही औषध वेळेवर दिलंच असणार. रिया असता, तर त्या दिवशी काम थांबलं असतं.

कौतुक हवंसं वाटणं आणि कौतुकासाठी करणं, यांत बरंच अंतर आहे. एकदा पैगंबरांना विचारलं गेलं की, माणूस चांगलं काम करतो आणि लोक त्याची स्तुती करतात, तर त्याचं काय? हजरत अबू जर यांनी सांगितलेली ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. उत्तर आलं: ती मोमिनाला, म्हणजे श्रद्धावंताला, इथंच मिळालेली आगाऊ खुशखबर. त्यांनी त्याला दोष दिला नाही. मग अशी खुशखबर हवीशी वाटली, तर त्यात ईमान कमी होण्यासारखं काय आहे?

खुद्द पैगंबरांनी कौतुकात कधी हात आखडता घेतला नाही. पहिल्या पत्नी हजरत खदीजा (र.) जाऊन वर्षं लोटली, तरी ते त्यांचं नाव इतक्या आदरानं काढत, बकरी कापली की खदीजांच्या मैत्रिणींकडे वाटा पाठवत, की हजरत आयशांना त्या गेलेल्या सवतीचा हेवा वाटायचा. हे स्वतः आयशांनीच मोकळेपणानं सांगितलंय. तुमच्या पतीला एखादी सुन्नत सुचवायची झाली, तर मी हीच सुचवेन.

एवढं बोलून झाल्यावर आता आधाराबद्दल बोलता येईल. आधी तुमच्या दुखण्याला दुखणं म्हटल्याशिवाय पुढचं सांगितलं असतं, तर तेही तोंड बंद करण्यासारखंच झालं असतं.

अल्लाहच्या नावांत एक नाव आहे ‘अश-शकूर’. रहमान, रहीम, गफूर ही नावं आपल्या ओठांवर असतात. शकूर त्या मानानं मागे राहतं. शुक्र (आभार) आणि शकूर एकाच धातूचे. म्हणजे कदर करणारा, थोडक्याचं मोल जाणून भरभरून देणारा. कुरआनात हे नाव अल्लाहसाठी चार वेळा आलंय, सूरह फातिरमध्ये (३५) दोनदा, अश-शूरा (४२) आणि अत-तगाबुन (६४) मध्ये एकेकदा. मला यातली गंमत अशी वाटते की, शुक्र करणं हे खरं तर बंद्याचं काम. ज्याला कशाचीच गरज नाही, तो स्वतःला ‘कदर करणारा’ म्हणवून घेतो! आपण केलेल्यावाचून त्याचं काय अडलं होतं?

सूरह अल-इन्सान (७६) उघडा आणि आठव्या आयतीपासून सावकाश वाचा. काही लोक आहेत, त्यांना स्वतःला अन्न प्रिय असूनही ते गरिबाला, यतीमाला (अनाथाला), कैद्याला जेवू घालतात आणि म्हणतात: आम्ही तुम्हाला फक्त अल्लाहसाठी खाऊ घालतो, तुमच्याकडून ना मोबदला हवा, ना आभार. इथं आभारासाठी ‘शुकूर’ हा शब्द आलाय. ही आयत वाचून तुमच्यासारख्या बायका खजील होतात, कारण त्यांना वाटतं, मला तर आभार हवे होते. पण दोन गोष्टी बघा. मुजाहिद आणि सईद बिन जुबैर या जुन्या भाष्यकारांचं म्हणणं असं की, त्या लोकांनी हे तोंडानं म्हटलंच नव्हतं. अल्लाहनं त्यांच्या मनातलं ओळखलं आणि त्याबद्दल त्यांची स्तुती केली. आणि दुसरं, तिथून तेरा आयती पुढे जा. बाविसाव्या आयतीत त्याच लोकांना सांगितलं जातं, तुमच्या कष्टांची कदर झाली आहे. शब्द आहे ‘मशकूर’. पुन्हा तोच धातू. माणसांकडून जे नको म्हणाले, तेच त्यांना त्याच शब्दात परत मिळालं, देणारा तेवढा बदलला. आभाराची भूक तिथं कुणी चूक ठरवलेली नाही. ती भागते, फक्त दुसऱ्या दारी.

सासऱ्यांचं वाक्य आठवून पोटात कालवतं, तेव्हा मी म्हणेन ही सूरह काढा. ‘मला वाईट वाटायला नको होतं’ असं मनाला बजावण्यासाठी नाही. तुमचा हिशेब त्या खोलीत, त्या नातेवाइकांसमोर संपला नाही, एवढं आठवण्यासाठी.

आणि गाऱ्हाणं करायची लाज बाळगू नका. हजरत याकूब (अ.) मुलाच्या वियोगात इतके रडले की डोळे पांढरे झाले, आणि मुलांनी टोकलं तेव्हा ते म्हणाले, मी माझं दुःख अल्लाहपुढेच मांडतो. पैगंबर होते ते. त्यांच्या ईमानावर कुणी शंका घेतली नाही. सजद्यात तुम्ही रडलात, तेही त्याच दरबारात गेलं.

मला स्वतःला सर्वांत जवळची वाटते ती मदयनच्या विहिरीवरची गोष्ट. हजरत मूसा (अ.) मिसरहून (इजिप्तहून) जीव वाचवून निघालेले, परक्या मुलखात, ओळखीचं कुणी नाही. विहिरीवर गर्दी, आणि बाजूला दोन मुली आपली जनावरं रोखून उभ्या. वडील म्हातारे, म्हणून त्या आलेल्या. मूसांनी जनावरांना पाणी पाजलं आणि सावलीत जाऊन बसले. मुली निघून गेल्या. ‘एवढं केलं, साधं विचारलंही नाही’ असं मनात येण्याचाच तो क्षण. मूसा म्हणाले (सूरह अल-कसस, २८:२४): ‘रब्बि इन्नी लिमा अन्जल्त इलय्य मिन खैरिन फकीर.’ माझ्या रबा, तू जे काही भलं माझ्याकडे पाठवशील, त्याचा मी गरजू आहे. आपण केवढं केलं याचा त्यात एक शब्द नाही, आणि ‘मला काही नको’ असा आवही नाही. मी गरजू आहे, एवढंच.

पुढच्याच आयतीत त्यांतली एक मुलगी लाजत चालत येते आणि म्हणते, तुम्ही जनावरांना पाणी पाजलंत त्याचा मोबदला द्यायला वडील बोलावताहेत. मूसा गेले. ‘छे छे, मी तर अल्लाहसाठी केलं’ म्हणून अडून बसले नाहीत. आपण बायका इथंच चुकतो. कुणी चुकून कौतुक केलंच, तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून उडवून लावतो आणि मग महिनोन्‌महिने वाट बघतो. ही दुआ पाठ करून ठेवा, छोटी आहे. आणि उद्या कुणी ‘जजाकल्लाह’ (अल्लाह तुम्हाला याचं फळ देवो) म्हणालं, तर ते घ्या.

आता घरातल्या कामाबद्दल, कारण तुमचा थकवा नुसत्या दुआंनी उतरायचा नाही.

सासू-सासऱ्यांची सेवा ही शरीयतनं सुनेवर फर्ज (बंधनकारक) केलेली नाही, हे बहुतेक फकीहांचं, म्हणजे धर्मकायद्याच्या जाणकारांचं, मत तुम्हाला कुणी सांगितलंय का? आईवडिलांची जबाबदारी त्यांच्या मुलांवर आहे, म्हणजे तुमच्या पतीवर आणि दिरांवर. तुम्ही करताय तो इहसान आहे, कर्तव्यापलीकडचा चांगुलपणा. तो सोडा असं मी सुचवत नाही, सासऱ्यांबद्दल तुम्हाला माया आहे हे पत्रात दिसतं. पण इहसान करणाऱ्या माणसाला मदत मागता येते, आणि ज्याचं मूळ कर्तव्य आहे त्याला ती नाकारता येत नाही. दिरांचे पैसेही सेवाच आहे, ते कमी लेखू नका. फक्त त्यातून रात्रीसाठी एखादी मदतनीस ठेवता येईल का, हा प्रश्न त्यांना विचारायला हरकत नाही.

पैगंबरांच्या कन्या हजरत फातिमा (र.) यांचे हात जातं ओढून ओढून सोलवटले होते. त्या वडिलांकडे मदतीला माणूस मागायला गेल्या. पैगंबर रात्री स्वतः त्यांच्या घरी आले, दोघा नवराबायकोच्या मध्ये बसले आणि झोपण्यापूर्वी ३३ वेळा सुबहानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणायला सांगितलं, हे नोकरापेक्षा चांगलं म्हणाले. ही हदीस ‘तसबीह म्हण आणि राब’ अशा अर्थानं सांगणारे भेटतील. त्यांना विचारा, ती दोघांना का सांगितली? फातिमांचे पती हजरत अली (र.) म्हणत, मी ती त्यानंतर कधीच सोडली नाही, सिफ्फीनच्या लढाईच्या रात्रीसुद्धा नाही. आणि फातिमांनी मागितलं, यात कुणी वावगं मानलं नाही. तुम्ही ही तसबीह सुरू करा, पतीसोबत करा.

मग बोला. पण कसं बोलायचं ते आधी ठरवा, कारण इथं एक खड्डा आहे. सूरह अल-बकराच्या २६४व्या आयतीत उपकार बोलून दाखवून आणि दुखवून केलेलं दान वाया घालवू नका असं बजावलंय. ‘मी होते म्हणून, नाहीतर तुमच्या वडिलांचे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते’ हे ते बोलून दाखवणं. ‘मी थकले आहे, आठवड्यातल्या दोन रात्री तुम्ही बघा’ हे नाही. पहिलं बोलणं समोरच्याला खाली पाडण्यासाठी असतं, दुसऱ्यात फक्त गरज सांगितलेली असते. मी हे अनुभवानं सांगते. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात मी मनात एक वही ठेवली होती, कोण किती वेळा आलं, कुणी नुसता फोन केला. तोंडानं चकार शब्द काढला नाही आणि त्यालाच सब्र समजत राहिले. आई गेली, आणि ती वही माझ्याकडेच उरली. दोन रात्री मागितल्या असत्या, तर भावानं नाही म्हटलं नसतं, असं आता वाटतं.

पतीनं पुन्हा ‘अल्लाह बघतोय’ म्हटलं, तर शांतपणे म्हणा, ‘हो, तुम्हालाही बघतोय.’ जमलं तर हसत म्हणा. पैगंबर घरी असत तेव्हा काय करत, असं विचारल्यावर हजरत आयशांनी सांगितलं होतं की, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. आणि पैगंबरांचे एक सोबती हजरत सलमान यांनी दुसरे सोबती अबू दर्दा यांना, जे दिवसा रोजे आणि रात्रभर नमाज यांत स्वतःला झिजवत होते, सुनावलं होतं की, तुझ्या रबाचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या जीवाचा आहे, घरच्यांचाही आहे. पैगंबरांनी सलमानांचं म्हणणं खरं ठरवलं. तुमच्या जीवाचा हक्क दोन वर्षं थकलाय.

सासऱ्यांच्या वाक्याबद्दल थोडंसं. रोज जवळ असणारं माणूस भिंतीसारखं होतं, आणि लांबून आलेल्याचं अप्रूप वाटतं. आजारी माणसाचं तर जास्तच. त्यात तुमच्याबद्दल काही नव्हतं, हेच दुखलं, पण तुमच्याविरुद्धही काही नव्हतं. यावर मी आणखी शब्द खर्च करणार नाही.

एक मात्र विचारते, कारण पत्रात ‘हल्ली झोप येतच नाही’ असं तुम्ही कोपऱ्यात लिहून खोडलंय. हे बरेच आठवडे चाललं असेल, रडू आवरत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. इलाज करून घेणं सब्राच्या आड येत नाही.

पतीशी या आठवड्यातच बोला आणि काय झालं ते कळवा. आणि त्या पहिल्या दोन रात्री मिळाल्या की, राहिलेली कामं काढून बसू नका. इशाची (रात्रीची) नमाज पढा, तसबीह म्हणा आणि झोपा.